मंगळवारची पाहणी

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की चहाला उठून जाणाऱ्यांपैकी मी. जुन्या इमारती तपासून त्या धोकादायक आहेत की नाहीत याचे रिपोर्ट देणं, हा माझा धंदा. त्यामुळे हे लिहिताना भीतीपेक्षा लाजच जास्त वाटतेय...

कृष्णाकाठचं गाव, सांगलीपासून तासाभरावर. नाव मुद्दाम देत नाही. तिथलं जुनं वॉटर वर्क्स — काळा दगड, चुन्याचं बांधकाम, दोन हात जाड भिंती, खाली कमानी. पूर आला की पाणी कमानींतून निघून जायचं आणि वरचे पंप कोरडे राहायचे. बांधणाऱ्यानं नदी ओळखली होती. पण ते पाडायचं आधीच ठरलं होतं. फक्त माझी सही हवी होती. मी घरी बसून जुन्याच एका रिपोर्टमध्ये इमारतीचं नाव बदललं — 'मंगळवारी प्रत्यक्ष पाहणी केली. भिंती पोकळ आहेत.' मंगळवारी मी कुपवाडला मेहुण्याच्या वर्कशॉपच्या पूजेत जेवत होतो.

फोटो जोडावा लागतो, म्हणून गुरुवारी दुपारी गेलो. पंप चालवणारे भीमरावतात्या हसत पुढे आले.

"या साहेब! परवा जेवायलाबी थांबला न्हाईसा."

"परवा?"

"आवं, दिसभर हातोडी घिऊन हुतासा की! एकेक दगड ठोकून, कान लावून ऐकत हुतासा. उभ्या जल्मात असं कुणी बघितलं न्हाई. लय बरं वाटलं बगा."

आत गेलो. दगडादगडावर खडूनं 'ठीक' लिहिलेलं. अक्षर माझं. दाराशी मंगळवारची तारीख आणि खाली सही... तीही माझीच. मीही दहा-बारा ठिकाणी ठोकून बघितलं. सगळीकडे खणखणीत आवाज.

यापुढचं सांगायला जीभ रेटत नाही. तात्या चहा सांगायला गेले तेवढ्यात मी ओल्या फडक्यानं ती सही पुसली. हाताला येतील तेवढे 'ठीक' पुसले. पोपडे उडालेल्या एका कोपऱ्याचा फोटो काढला आणि रिपोर्ट देऊन टाकला.

पाडायला आलेल्या मशीनचे दात काम सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुटले, दुसरं मोठं मशीन मागवावं लागलं. मी तिथेच होतो. तात्या जवळ आले.

"साहेब, तुमीच ठीक म्हनला हुतासा न्हवं? मग?"

"तात्या, देवाशपथ, त्या मंगळवारी मी आलोच नव्हतो."

"येवढं तरी खोटं बोलू नगा," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

तो कोण होता, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. माझ्या नावाचा एक चांगला इंजिनिअर त्या इमारतीत येऊन गेला, आणि तो मी नव्हतो.