मांगरातलं वड्यांचं मशीन

आमच्या घरामागे मांगर आहे. पूर्वी तिथे गुरं असायची. गुरं गेल्यावर गवत, सुके नारळ आणि काजूच्या बियांची पोती राहिली. यजमानांनी नोकरी सोडली त्या वर्षी त्यांनी ते सगळं बाहेर काढलं, शेणाच्या जमिनीवर सिमेंट घातलं आणि दाराला कुलूप लावलं. गुरांच्या मांगराला कुलूप मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"कुलूप कित्या?" मी विचारलं.

"थंडी भायर जाता."

कुलपाने थंडी कशी अडते, ते मला कळलं नाही. पण उभं आयुष्य त्यांनी मालवणात बर्फाच्या कारखान्यात आणि नंतर मासळीच्या शीतगृहात मेकॅनिक म्हणून काढलं होतं. थंडीच्या गोष्टीत मी त्यांच्याशी वाद घालत नसे.

माझी गोष्ट पिठाची. वड्यांचं पीठ मी आईकडून शिकले. चतुर्थीला, लग्नाला, कोंबडीच्या सागोतीच्या जेवणाला आमच्या वाडीतले आणि कट्टा गावच्या बाजारातले लोक माझ्याकडून पीठ नेतात. तांदूळ किती, उडीद किती, काय भाजायचं आणि काय कच्चं ठेवायचं, हे मी सख्ख्या जावेलाही सांगितलेलं नाही. तिने दोनदा गोड बोलून विचारलं होतं. दोन्ही वेळा मी तिला चहा दिला.

तर यजमान रोज माझ्याकडून मळलेलं पीठ मागायला लागले. टोपभर पीठ घ्यायचे, मांगरात जायचे, दार आतून लावायचे. आतून पंख्याचा आणि कॉम्प्रेसरचा आवाज येई. कशाला हवं, ते हळूहळू, तुकड्यातुकड्याने सांगितलं. किनाऱ्यावरच्या लॉजवाल्यांना केव्हाही गरम वडे हवे असतात, पीठ मळून मुरवायला वेळ कोणाला आहे? थापलेले वडे गोठवून ठेवले, की तेलात टाकले आणि झालं. पण घरच्या फ्रीजमध्ये वडा सावकाश गोठतो, मग पिठातल्या पाण्याचे मोठे खडे होतात आणि ते पीठ आतून फाडतात. तळताना तो वडा तडकतो, तेल पितो. गोठवायचा तर झटक्यात. मासळीच्या कारखान्यात दोन थंडगार पत्र्यांमध्ये मासे दाबून गोठवतात, तसंच वड्यांचं करायचं. पोकळ पत्रे, त्यातून फिरणारं खारं थंड पाणी, मध्ये वडे.

पत्रे त्यांनी मोडीत निघालेल्या मशीनचे आणले होते. पहिले वडे तळले तेव्हा ताटात वडा आणि नाकात बांगडा. शेजारचं मांजर दारात येऊन बसलं. पत्रे चिंचेने घासले, राखेने घासले, उन्हात टाकले. वास गेला, तर वडे पत्र्याला चिकटायला लागले. असं किती महिने चाललं. आणि मग एका सकाळी त्यांनी दगडासारखा टणक वडा माझ्यासमोर कढईत सोडला आणि तो टम्म फुगला. मला आनंद झाला. मी म्हटलं, आता चार लॉजवाल्यांना सांगूया. ते म्हणाले, "थांब जरा." तिथूनच माझ्या मनात पाल चुकचुकली.

चार दिवसांनी अंगणात एक मोटार आली. त्यातून इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण साहेब उतरला. कुडाळच्या एमआयडीसीत गोठवलेल्या पराठ्यांचा कारखाना आहे, तिथला. त्याने मांगर पाहिला, वाकून पत्र्यांखाली पाहिलं, 'पेटंट' हा शब्द दोनतीनदा उच्चारला. मग ओटीवर बसून वडे खाल्ले. एक, दोन, तीन, चार.

"काकी, अप्रतिम," तो म्हणाला. "पिठात ज्वारी घालता का हो? की गहू?"

मी तोंड उघडणार एवढ्यात यजमान म्हणाले, "तू भितुर जा गो. चाय ठेव."

चहा मी नुकताच आणून ठेवला होता. कपातून वाफ येत होती.

त्यानंतर माझं लक्ष पिठाच्या डब्यावर गेलं. डबा खाली जात होता आणि घरात तेवढे वडे होत नव्हते. मी पिठावर चार बोटं ओढून खूण करायला लागले. एकदा सकाळी पाहिलं, तर खूण गायब. कोणीतरी पीठ काढून वरून हात फिरवून सारखं केलं होतं. चोर असता तर त्याने सारखं केलं नसतं.

विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी उत्तर मिळालं असतं आणि मग ते खरं की खोटं, याचा आणखी घोर. मी पाहत राहिले. मोटार पुन्हा आली. मी ओटीवर गेले की दोघं पावसापाण्याचं बोलायला लागत.

मग एका सकाळी यजमान इस्त्रीचे कपडे घालून, हातात जड पिशवी घेऊन निघाले. कोणी निघताना 'खंय' विचारू नये, पण मी विचारलंच.

"ओरोसाक. सरकारी ऑफिसात मशीनची चौकशी करूक."

ते वळणावर दिसेनासे झाले. मी केर काढत होते. पलीकडच्या घरचा मुलगा ओरोसला कलेक्टर कचेरीत क्लार्क आहे. तो लुंगी नेसून माडांना पाणी घालत होता.

"आज कामार नाय?" मी विचारलं.

"काकी, शनिवार मां आज. कचेरी बंद."

मी केरसुणी तिथेच टाकली. माझं पीठ माझा नवरा माझ्यामागे त्या कारखान्याला विकतो आहे, एवढं एकच डोक्यात. लुगडं बदललं, कट्ट्याला गेले, कसालची गाडी धरली, तिथून कुडाळची. स्टँडवरून रिक्षा केली. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवत होते. वाक्यं चांगली जुळली होती.

कारखान्याच्या गेटवर पोचले तर यजमान वॉचमनच्या बाकड्यावर बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीतून मशीनचा एक पत्रा वर आलेला. डोक्यावर ऊन आलं होतं आणि त्यांना कोणी आत घेतलं नव्हतं. मी जुळवलेल्या वाक्यांसकट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तू हय कित्या इलंस?" ते उठूनच उभे राहिले.

तेवढ्यात तो साहेब बाहेर आला. यजमानांकडे पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली होती. मला पाहिल्यावर ती गेली. "अरे वा, काकी! या, आत या ना."

आम्हा दोघांना त्याने टोप्या घालायला दिल्या आणि कारखाना दाखवला. पिठाची लांबच लांब चादर पट्ट्यावरून येत होती, एक चाक तिच्या चकत्या पाडत होतं. चकत्या एका मोठ्या बंद खोलीत शिरत, आत गोल गोल वर चढत आणि दुसऱ्या तोंडाने खडखडत बाहेर पडत, दगडासारख्या. कोणाचा हात लागत नव्हता. यजमान त्या खोलीसमोर उभे राहिले आणि बराच वेळ हलले नाहीत. पिशवीतला पत्रा त्यांनी बाहेर काढलाच नाही.

ऑफिसात साहेब मला म्हणाला, "काका मशीनबद्दल येतात, पण खरं सांगू? मशीन आमच्याकडे आहे. आम्हाला तुमचं पीठ हवंय. पहिल्या दिवसापासून तेच म्हणतोय मी काकांना. ते तुमच्याशी बोलूच देत नाहीत."

मी यजमानांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

"पिठाचं प्रमाण आईबरोबर गेलं हो," मी म्हणाले. "मी अंदाजाने करते. कधी साधतं, कधी नाही."

इतकं स्वच्छ खोटं मी त्याआधी बोलले नव्हते. साहेबाला ते पटलं नाही. त्याने कॉफी मागवली. आम्ही प्यायलो आणि उठलो.

परतीच्या गाडीत खिडकीजवळची जागा मला मिळाली. कसाल आलं. मग मीच म्हटलं, "माका सांगूक काय झालां हुतां?"

"तेंका माजा मशीन नको. तुजा पीठ व्हया. तुका सांगला असता तर तू देवन मोकळी झाली असतंस. मगे माजा मशीन भंगारात."

"आणि डब्यातला पीठ?"

"तेंका मशीन दाखवक वडे करून नेय हुतंय. तुका सांगला असता तर तू विचारलं असतंस, कोणाक."

म्हणजे मी त्यांच्यावर डोळा ठेवून होते आणि ते माझ्यावर. मला राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण बाकड्यावर उन्हात बसलेला माणूस डोळ्यांसमोरून जात नव्हता.

मांगराला आता कुलूप नसतं. तारकर्लीचे तीन लॉजवाले आमचे गोठवलेले वडे नेतात, चतुर्थीला मुंबईहून आलेली माणसं जाताना थर्माकोलच्या डब्यात भरून नेतात. पीठ मी मळते, थापतो दोघं, पत्रे ते दाबतात.

गेल्या हिवाळ्यात कट्ट्याच्या दुकानात त्या कारखान्याचं नवं पाकीट दिसलं: मालवणी वडे, गोठवलेले. मी घेऊन आले. दुपारी तळले. खोटं कशाला सांगू, वाईट नव्हते. बडीशेप थोडी पुढे होती, पण चव ओळखीची होती. यजमानांनी घास चावता चावता माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तू सांगलंस?"

"तुम्ही सांगलास?"

कोणीच सांगितलं नव्हतं, असं दोघांचंही म्हणणं. जावेचा भाचा त्या कारखान्यात कामाला लागलाय, हे मला नंतर कळलं. पण जावेला तरी प्रमाण कुठे माहीत होतं? त्या दुपारी आम्ही उरलेले वडे तळले आणि पुन्हा एकदा, नीट, सावकाश चाखून पाहिले.