मिरची उतरवून दिलेलं रक्त

आमच्या खालच्या मजल्यावर मानसिंग राहतो. गाव पाटणकडचं, काम वाशीच्या मसाला मार्केटात माथाडीचं. गडी पोतं असं उचलायचा, की वाटावं पोतंच हौसेनं त्याच्या पाठीवर चढतंय. गेल्या वर्षी मात्र थप्पीतली पोती त्याच्याशी बोलायला लागली आणि हा उभ्या उभ्या त्यांना उत्तरं द्यायला लागला. मुकादम भैरूनं त्याला घरी बसवलं. औषध घे, बरा हो, मग ये म्हणाला. बायको रंगूबाई रडकुंडीला आली, कारण मानसिंगचं एकच: मी येडा न्हाय, गोळी घेणार न्हाय.

माझी नात क्षिप्रा मनाच्या आजारांवर संशोधन करते. मी सातवी पास, तरी तिनं मला छान समजावलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर खुणा असतात, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवावीत तशा. भास होणाऱ्यांच्या पेशींवर त्या वेगळ्या दिसतात का, हे ती मंडळी शोधताहेत. मी ते बैलांसकट मानसिंगला सांगितलं. दोष डोक्यात नाही, रक्तात असेल म्हटल्यावर गडी खुलला, रक्त द्यायला तयार झाला.

तुलनेला निरोगी माणसंही हवी होती. आता माथाडींच्या टोळीत पोतं कुणी एकट्यानं पाठीवर घेत नाही, दोघं हात लावतात. मग सुई तरी यानं एकट्यानं का खावी? भैरूसकट अख्खी टोळी गेली, तीही मिरचीची गाडी उतरवून थेट.

निकाल आला, तो ऐकायला टोळी मानसिंगच्या घरी जमली. निरोगी टोळीच्या पेशी खवळलेल्या आणि मानसिंगच्या गाईसारख्या शांत!

मानसिंग म्हणाला, "बघा. येडे तुमी."

रंगूबाईचा चेहरा उतरला. आता हा कसली गोळी घेतोय!

क्षिप्रानं कपाळाला हात लावला. मिरचीनं शिंकून शिंकून नाकाघशाला सूज आली तर पेशी खवळणारच, म्हणाली. शिवाय ही तपासणी अजून अभ्यासातच आहे. डॉक्टरांना आजार कळला तो मानसिंगशी बोलूनच. मानसिंग ऐकेना.

तेव्हा भैरूनं विचारलं, "मानसिंग, आत्ता कोण बोलतंय का?"

"बोलतंय."

"काय म्हणतंय?"

मानसिंग जरा लाजला. "मुकादमानं आंघोळ करून यावं, म्हणतंय."

सगळे हसले, मानसिंगही.

"खरं बोलतंय," भैरू म्हणाला. "पर आमाला ऐकू येत न्हाय. हे वझं तुज्या एकट्याच्या पाठीवर हाय. आमी हात लावतो, तू उचल."

तेव्हापासून रोज संध्याकाळी टोळीतले दोघं दारात येतात, त्याच्या पाठीला हात लावून 'हां, उचल' म्हणतात आणि मानसिंग गोळी गिळतो. पोती आता गप्प झालीत, तो कामावरही जातो. भैरू मात्र अजून आंघोळ करूनच येतो.