भागवतकाकांची उलटतपासणी

सिंगापुरातल्या आमच्या वुडलँड्सच्या ब्लॉकमध्ये भागवतकाकांना जेवायला बोलावणं म्हणजे स्वतःहून उलटतपासणीला उभं राहणं. ताट पुढे आलं की आधी वास, मग प्रश्न. तेल कुठलं, डाव दुसऱ्या भांड्यात बुडाला नव्हता ना? साध्या वरणाकडेही ते आरोपीकडे पाहावं तसं पाहत. हॉकर सेंटरमध्ये खाण्याचा गाळा चालवणाऱ्या चिनी आजोबांना तर त्यांनी इतकं पिडलं, की ते एकदा म्हणाले, "अंकल, यू कुक युअरसेल्फ लाह." काकांना या सल्ल्यातही काहीतरी काळंबेरं वाटलं.

"दुधानं तोंड पोळलेल्या माणसानं ताक फुंकूनच प्यावं," असं ते नेहमी म्हणत. ते दूध कुठलं, हे मला त्यांचे जुने सोबती दळवीकाकांनी सांगितलं.

दोघंही जहाजावरचे. तरुणपणी एकाच मालवाहू बोटीवर होते. पार उत्तरेच्या समुद्रात बर्फानं बोटीचा तळ फाडला आणि ती बुडाली. वाचलेली माणसं एका ओसाड किनाऱ्याला लागली. तिथे जुन्या काळच्या देवमाशांच्या शिकाऱ्यांची एक पडकी झोपडी होती. बाहेर हाडं आणि चरबी उकळायच्या गंजलेल्या कढया. बिस्किटं संपली तेव्हा खलाशांनी सील मारला. भागवतांनी आईच्या पायावर हात ठेवून मांसाला न शिवण्याची शपथ घेतलेली, आणि आता ते तापानं फणफणलेले. दळवींनी त्यांच्या तोंडाला गरम सुपाची वाटी लावली. वाटाण्याच्या सुपाचं पाकीट सापडलंय, म्हणाले.

सुटका झाल्यावर कोणीतरी हसत हसत खरं सांगून टाकलं.

पुढे दोघंही सिंगापुरात स्थिरावले. रविवारी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर एकत्र फिरत, पण दळवींच्या घरी भागवत पाणीसुद्धा पीत नसत. गणपतीत दळवी स्वतः मोदक करून आणत. भागवत "बघू" म्हणून डबा बाजूला सारत. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

"त्याचा जीव राहिला, पण माझ्यावरचा विश्वास गेला," दळवी म्हणायचे. भागवतांनी एकदा आपल्याकडे जेवावं, एवढीच त्यांची इच्छा होती. शेवटच्या आजारपणातही त्यांनी मला विचारलं, "तो अजून रागावलाय का गं?" मी भागवतांना तसं सांगितलं. ते उठून खिडकीपाशी गेले.

दळवी गेले. मंडाईच्या स्मशानभूमीत अंत्यविधी आटोपल्यावर भागवतकाका माझ्या शेजारी बाकावर बसले.

"वाटाण्याला असा वास येतो का कधी?" ते म्हणाले. "पहिल्याच घोटाला कळलं होतं मला. डोळे मिटून सगळं प्यालो. वर आणखी मागितलं."

मग इतकी वर्षं त्यांना असं का वागवलंत, एवढंच मी विचारलं.

"दोष त्याचा राहिला, तर आईसमोर उभं राहता येत होतं."

"आणि त्यांना कधीच नाही सांगितलंत?"

काकांनी दाहिनीच्या बंद दाराकडे पाहिलं. "दर रविवारी सांगणार होतो," ते म्हणाले.