यादीत राहून गेलेली ओळ

माहेरच्या शेजारच्या विमलकाकूंचा फोन आला तेव्हा मी नायगावच्या घरी कपडे वाळत घालत होते. "ताई, सुधीर ओ देत नाय. दार आतून बंद हाय..." होळी या आमच्या माहेरच्या गावी पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी दार फोडलं होतं आणि माझा धाकटा भाऊ गेला होता. सत्तेचाळीस वर्षांचा. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. याला दोन महिने झाले. त्या दिवशी दाराशी जे पाहिलं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सुधीर आमच्या फुलांच्या वाडीतला पक्का माणूस. पानाचा रंग बघून कुठल्या वाफ्याला पाणी कमी पडतंय ते सांगायचा. सोनचाफ्याचं कलम त्याच्या हातून कधी वाया गेलं नाही. घरात मात्र सगळा आनंदच. एकदा आठवडाभर आंघोळ नाही म्हणून मी चिडले, तर शांतपणे म्हणाला, "साबण संपलाय. तो आणायला दुकानात जायला हवं. आंघोळ न करता दुकानात कसा जाऊ?" हा किस्सा मी ऑफिसात, लग्नाकार्यात सांगून लोकांना हसवलं. तो थट्टा करत नव्हता, खरोखरच आठ दिवस तिथे अडकून बसला होता, हे मला कळलं त्याच्या चाळिशीनंतर. एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं की हा ऑटिझम आहे. काय करायचं ते त्याला कळतं, करावंसंही वाटतं, पण सुरुवात करणं आणि एका कामातून उठून दुसऱ्याला लागणं त्याला जमत नाही. तोवर गाव त्याला आळशी म्हणत होतं. गावाच्या आधी मी म्हणत होते.

आईला हे कुणी न सांगता उमगलं होतं. तिने त्याला कधी 'बँकेत जा', 'दळण आण' असं सांगितलं नाही. दारात उभी राहून एवढंच म्हणायची, "सुधीर, चप्पल घाल." पायात चप्पल गेली की तो निघायचा आणि काम करूनच परतायचा. "त्याला एकदम सगळं नको सांगू गं," मला म्हणायची, "पयलं पाऊल दे. पुढचं तो जानतो." मला ते फाजील लाड वाटायचे.

आई गेल्यावर त्याला सांभाळायचं माझ्याकडे आलं. मी पडले ऑफिसात खातं चालवलेली बाई... मी याद्या लावल्या. ठळक अक्षरात, कपाटावर चिकटवून. सकाळी फोनही करायचे, आणि खरं सांगायचं तर त्या फोनाचा मला कंटाळा यायला लागला होता. या वर्षी वाफे खणताना त्याच्या छातीत जड वाटायला लागलं. डॉक्टरांकडे मी घेऊन गेले. त्यांनी तपासणी लिहून दिली, लवकर करा म्हणाले. मी यादी लिहिली आणि म्हटलं, "आता तू एकटा जायचंस. मी फोन करणार नाही, कधीतरी शिकायला हवं ना?"

"हो, ताई," तो म्हणाला.

दहा दिवस मी फोन केला नाही. नायगाव ते होळी म्हणजे काही परदेश नव्हे, तरी गेले नाही. हट्टाने गेले नाही.

त्याला नेल्यानंतर मी घरात एकटी उरले, तेव्हा ती यादी पाहिली. फाइल. आधार कार्ड. पाण्याची बाटली. धुतलेला शर्ट. उपाशी पोटी जाणे. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची खूण होती. पिशवी भरून दाराशी ठेवलेली, आणि पिशवीशेजारी त्याची चप्पल... पुसून, दाराकडे तोंड करून. विमलकाकू म्हणाल्या, "रोज सकाळी चांगला शर्ट घालून खुर्चीत बसलेला दिसायचा. बारा वाजेपर्यंत काय खायचा नाय. कुठं जातोस म्हटलं तर म्हनायचा, निघतोच आहे."

दहा सकाळी तो उपाशी बसून होता. माझ्या यादीत सगळं होतं, आईची ओळ नव्हती. ती मला माहीत नव्हती असंही नाही, लहानपणापासून ऐकत आले होते.

आता दर रविवारी मी चाफ्याला पाणी घालायला जाते. चप्पल तिथेच आहे, कुणाला देऊन टाक म्हणतात, मी हलवू देत नाही. निघताना कुलूप हातात घेऊन दारात उभी राहते आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणते, "सुधीर, चप्पल घाल."

एवढाच फोन करायचा होता मला.