लीडर हात लावत नाही

"ताई, तुम्ही झोपा."

मी स्ट्रेचरवर झोपले. सरावासाठीचा रबरी पुतळा जिल्ह्याहून यायचा होता, तो काही आला नाही. पुण्याहून आलेल्या ट्रेनर मॅडम खोलीत कोण झोपेल ते शोधत होत्या. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. साहेब म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्याचे मेडिकल ऑफिसर. म्हणाले, "ह्यांना झोपवा. ह्यांना काही फरक पडत नाही."

खोलीत आम्ही नऊ जण होतो. इमर्जन्सीत सोळा वर्षं काढलेली सिस्टर त्यांत एकच, मी. पुतळा व्हायचा मान मलाच.

भिंतीवर बॅनर होता. आपत्कालीन विभागातील कर्मचाऱ्यांचा नेतृत्वविकास. मॅडमनी एक लाल जाकीट काढलं आणि ते साहेबांना घातलं. म्हणाल्या, ज्याच्या अंगावर हे, तो टीम लीडर. त्याने पायथ्याशी उभं राहायचं. हात मागे. लीडर पेशंटला हात लावत नाही. तो बघतो आणि सांगतो.

मला पडल्या पडल्या हसू आलं. लांब उभं राहायचं, हात लावायचा नाही आणि हुकूम सोडायचे, हे शिकवायला पुण्याहून माणूस कशाला आणायचा? डोणगावच्या बाजूला, बौद्धवाड्यात माझं माहेर. आमच्या आजापणज्यांनी दुसरं पाहिलं काय? तेव्हा फक्त जाकीट नव्हतं.

सराव सुरू झाला. माझ्या तोंडावर मास्क चढला. सिलिंडरची चावी कोणी फिरवलीच नव्हती. कोरडा मास्क. मी तो बाजूला करून म्हटलं, "साहेब, ऑक्सिजन चालू नाही केला."

मॅडम म्हणाल्या, "ताई, पेशंट बेशुद्ध आहे. पेशंट बोलत नाही."

सगळे हसले. साहेब म्हणाले, "आमचा पेशंट फार हुशार आहे." पुन्हा हसले. चावी कोणीच फिरवली नाही. सराव संपला तेव्हा मॅडमनी सांगितलं, पेशंट वाचला. टाळ्या झाल्या. मी मनात म्हटलं, मी केव्हाच मेले बाई, बघा तरी.

उठले तर मॅडमना माझ्या बाहीवरची चिकटपट्टी दिसली. ही माझी जुनी सवय. धावपळीत कागद सापडत नाही. म्हणून सकाळीच जखमेची चिकटपट्टी हातभर फाडते, बाहीवर चिकटवते आणि पेनाने त्यावर लिहिते. कोण किती वाजता आलं, कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं. मॅडम म्हणाल्या, "ही काय, परीक्षेतली कॉपी? वेळ लीडरला तोंडी सांगायची असते. काढा हे."

मी काढली. सगळ्यांसमोर. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा अपमान हा नव्हता, पण आजही तोच आठवतो. कारण तो मी माझ्या हाताने केला.

खरं सांगते, तो नियम काही खोटा नाही. दहा जण पेशंटवर वाकलेले असतात तेव्हा एकाने मागे सरून सगळं बघायला हवं. हे मला मॅडमच्या आधी ठाऊक होतं. माझी शंका नियमावर नव्हती. ते जाकीट कोणाच्या अंगावर जातं आणि केव्हा जातं, यावर होती. माझी माय म्हणायची, "मोठेपणा फुकट भेटत नसते बाई. कोणी द्याले लागलं, तं त्याचा दुसरा हात काय करून राह्यला थे पाहाय."

ट्रेनिंगनंतर इमर्जन्सीच्या दाराजवळ पांढरा फळा लागला. वर छापलेलं, आजचा टीम लीडर. खाली नाव लिहायची जागा. पहिल्या दिवशी साहेबांचं नाव. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी कोणी पुसलंच नाही.

आमच्याकडची रीत अशी. साहेब यायचे, सही करायचे, एक चक्कर मारायचे आणि बसस्टँडसमोरच्या स्वतःच्या दवाखान्यात जायचे. इकडे पेशंट आला की सिस्टरने फोन करायचा. साहेब म्हणायचे, "चालू करा, मी येऊन लिहितो." सिस्टर चालू करायची. संध्याकाळी साहेब केसपेपरवर असं लिहायचे की जणू ते उशाशी उभे होते. सोळा वर्षं हेच. याला कोणी नेतृत्व म्हटलं नाही. याला मदत म्हणायचे.

फळा लागल्यावर महिनाभरात साखरखेर्ड्याचे एक म्हातारबाबा आले. दारातच कोसळले. मी आणि सलीमभाईंनी छाती दाबली. सलीमभाई आमचे कक्षसेवक, कंत्राटावर. पाळीपाळीने दाबली, माझ्या मनगटातून कळ निघेपर्यंत. बाबा परत आले. वीस मिनिटांनी साहेब आले. बाबांच्या शेजारी उभे राहिले, फोटो काढवला. फोटो वरिष्ठांच्या ग्रुपवर गेला. उत्तर आलं, उत्कृष्ट नेतृत्व. फोटोत माझं कोपर आलं होतं.

सलीमभाई मोबाईल दाखवत म्हणाले, "ताई, हे पाहा, तुमचं कोपर फेमस झालं."

मी हसले. पण त्या दिवशी मनात एक गाठ बसली. लीडर ते ना? मग करू द्या त्यांनाच. फळ्यावर ज्याचं नाव, त्यानेच बघावं. मी कशाला आपणहून मरू? ही गाठ नीट लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्यात तिचा वाटा आहे, आणि तो मी लपवणार नाही.

सोयाबीनच्या निंदणाचे दिवस होते. सकाळची वेळ. बीबीकडून एक बाई आली, शोभाबाई. ऑटोतून तिच्या जावेने तिला जवळजवळ उचलूनच आणलं. पायाच्या अंगठ्याजवळ दोन ठिपके. पापण्या खाली येत होत्या, ती बोटाने वर उचलून बघायची.

जाऊ म्हणाली, "ताई, लवकर करा ना काही. हिले दिसून नाही राह्यलं."

मी बघितलं आणि मला कळलं. नागाचं विष. आधी पापण्या, मग गिळणं, मग श्वास. सर्पदंशाची लस फ्रिजमध्ये होती. मला हात लांब करायचा होता फक्त.

बाहीवर चिकटपट्टी होती. ट्रेनिंगनंतर काही दिवस लावली नाही, पण सवय कुठे जाते? दहा वाजून पाच मिनिटांनी शोभाबाई आली. दहा सातला साहेबांना फोन, उचलला नाही. दहा नऊला पुन्हा. साहेब म्हणाले, "येतोच." फोन ठेवला.

चालू करा, असं म्हणाले नाहीत. इतर वेळी मी विचारलंही नसतं. सलाईन लावून लस सोडली असती आणि सही नंतर घेतली असती. पण माझी नजर फळ्यावर गेली. निळ्या अक्षरात साहेबांचं नाव. म्हटलं, येतोच म्हणालेत ना, येऊ दे लीडरला. मी सलाईन लावलं, लसीच्या बाटल्या ट्रेमध्ये मांडल्या आणि दाराकडे बघत उभी राहिले.

सलीमभाई म्हणाले, "ताई, काऊन थांबल्या?"

मी म्हटलं, "साहेब येऊन राह्यले."

दहा वीसला शोभाबाईच्या तोंडातून लाळ गळायला लागली. तिला थुंकी गिळता येईना. मी तिसरा फोन केला. साहेब माझ्यावरच ओरडले, "अजून दिलं नाही? कशाला थांबलात?"

दिली. दहा एकवीसला लस चालू झाली. श्वास मंदावला तेव्हा मी तोंडावर मास्क धरून श्वास देणारा फुगा दाबायला लागले. एकशेआठची गाडी आली, मी फुगा दाबतच गाडीत चढले. साहेब तोवर आले नव्हते. चिखलीच्या अलीकडे शोभाबाई गेली. गाडीतल्या डॉक्टरांनी माझा हात धरून थांबवला. मी अजून दाबतच होते.

दुपारी दोनला परत आले. हात धुतले. दाराशी वळले आणि फळा दिसला. त्यावर माझं नाव होतं. आडनावासकट. काळ्या शाईत. अक्षर साहेबांचं, त्यांचा र मी सोळा वर्षं वाचते आहे. खाली निळ्या शाईचा पुसट डाग राहिला होता.

 सोळा वर्षांत या भिंतींवर माझं नाव कुठेच लागलं नव्हतं. ड्युटीच्या तक्त्यावर सुद्धा मी नुसती सिस्टर नंबर दोन. आज लागलं, तेही एक बाई मेल्यावर.

सलीमभाई कपाटामागे चादरी घडी करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेबानं पुसलं. बारा वाजता. मी पाह्यलं. पण ताई, मले कोनासमोर इचारू नका. माझं कंत्राट हाय."

क्षणभर मला त्यांचाही संशय आला. हे आत्ता मला का सांगत आहेत? साहेबांनीच तर पाठवलं नाही? मग स्वतःची लाज वाटली. ज्या माणसाने माझ्यासोबत म्हाताऱ्याची छाती दाबली, त्याच्यावर मी संशय घेते आहे. भीती माणसाला असं करते.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर छापलेला अहवाल. टीम लीडर, म्हणून माझं नाव. खाली एक ओळ, टीम लीडर यांनी लस देण्यास विलंब केला. साहेबांनी पेन पुढे केलं. आवाज गोड.

"नेतृत्वाचं ट्रेनिंग घेतलंत ना ताई? मग जबाबदारीही घ्यावी लागते. सही करा. मी सांभाळून घेईन."

मी म्हटलं, "साहेब, सकाळी आठले फळ्यावर तुमचं नाव होतं."

गोडवा गेला. म्हणाले, "तुम्ही लोक लगेच कायद्यावर येता."

मी कायदा काढला नव्हता. मी फळा म्हटलं होतं. पण त्यांच्या तोंडून ते निघालं. तुम्ही लोक. सोळा वर्षं मी ताई होते, सिस्टर होते. एका मिनिटात लोक झाले. बौद्धवाडा, माझी माय, माझे आजोबा, सगळ्यांना त्यांनी माझ्यासोबत त्या केबिनमध्ये उभं केलं. बरं झालं. एकटीला उभं राहायला भीती वाटत होती.

आणि तरीही मी ती ओळ परत परत वाचत राहिले. साहेबांना वाटलं असेल, घाबरली. मी घाबरले होते ते दुसऱ्याच गोष्टीला. त्या कागदावर सगळं खोटं असतं तर फाडून फेकला असता. पण विलंब खरा होता. दहा नऊ ते दहा वीस, अकरा मिनिटं. त्यांनी येतोच म्हटलं आणि मी त्यांची वाट बघितली. रागाने बघितली. मला दाखवून द्यायचं होतं की लीडर कोण. शोभाबाई बोटाने पापणी उचलून माझ्याकडे बघत होती आणि मी हिशेब चुकवत होते. साहेबांनी त्या खऱ्या ओळीवर आपलं खोटं रचलं होतं. मी ओळ नाकारली तर मी खोटी. सही केली तर ते खरे.

पुन्हा कोणीतरी मला स्ट्रेचरवर झोपवत होतं. पेशंट बोलत नाही म्हणत होतं. आता मास्क मी स्वतः काढला. म्हटलं, "सही करते. पण माझ्या हातानं लिहिलेल्या कागदावर."

कोरा कागद घेतला आणि उभ्यानेच लिहिलं. सकाळी आठ वाजता फळ्यावर टीम लीडर म्हणून कोणाचं नाव होतं ते. माझं नाव मी दुपारी दोनला बघितलं, ते. वैद्यकीय अधिकारी हजर नव्हते, ते. तीन फोन, तिन्हींच्या वेळा. आणि शेवटी लिहिलं, मला लक्षणं ओळखता आली होती, लस हाताशी होती, तरी मी अकरा मिनिटं थांबले, ही माझी चूक. खाली सही केली, बाहीवरची चिकटपट्टी सोलून काढली आणि कागदाला चिकटवली. तिच्यावर शोभाबाईच्या लाळेचा डाग होता. पुण्याच्या मॅडम असत्या तर मी त्यांना विचारलं असतं, आता सांगा, कॉपी कोणाची?

साहेब म्हणाले, "स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय."

मी म्हटलं, "हाव साहेब. माझाच पाय हाय."

कागद त्यांच्या हातात दिला नाही. एवढी शहाणी मी झाले होते. झेरॉक्स काढली, तोच कागद अर्ज म्हणून आवक-जावकच्या खिडकीत दिला आणि शिक्का मारून घेतला.

आठ दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली. त्यांना आली की नाही, कोणी सांगत नाही. बदलीची कुजबुज आहे. सोबतच्या सिस्टर जेवायला बोलावतात आणि डबा उघडल्यावर गप्प बसतात. कोण कोणाला काय सांगतं, मी सगळं बघत असते.

रोज सकाळी पावणेआठला येते. फळा पुसते. माझं नाव माझ्या अक्षरात लिहिते आणि बाजूला लिहिते, वैद्यकीय अधिकारी हजर, नाहीतर गैरहजर, किती वाजेपासून. दोनदा कोणीतरी पुसलं. दोनदा पुन्हा लिहिलं. पेशंट आला की पायथ्याशी उभी राहते, सगळ्यांना कामं वाटून देते, आणि हात कमी पडला की लावते. फोन करते, पण फोनसाठी थांबत नाही.

चौकशी अजून व्हायची आहे. नोटिशीच्या उत्तरात मी एक मागणी लिहिली आहे. शोभाबाईच्या जावेला चौकशीच्या खोलीत बसवा. ती माझ्यावर थुंकली तरी चालेल. तिच्यासमोर माझी अकरा मिनिटं मी माझ्या तोंडाने सांगणार आहे. मग साहेबांनी त्यांची सांगावीत.