वरची पट्टी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही आणि तात्यांना – माझ्या वडिलांना – तर नाहीच. आता ते नाहीत. परवा त्यांचा दहावा झाला. लोणी भापकरचे पाहुणे ओसरीत बसून म्हणाले, "मधमाश्यांच्या कामात तात्यांचा हात शेवटी पार गेला हुता." मी चहा देत होते. पुढचा कप भरला.

तात्यांचा हात गेला नव्हता. मला कसं माहीत? तेच लिहिते आहे.

कळंबला आमच्या डाळिंबात तात्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या. मी आधी पुस्तकं वाचली, मग पेटीला हात लावला. "पुस्तकातली माशी चावत न्हाय, बाई," ते चारचौघांत म्हणायचे. मायेनंच. पण मायेनं म्हटलेलं टोचत नाही, असं कुणी सांगितलं?

बारामतीला जुन्या मधपाळांसाठी पुढचं प्रशिक्षण होतं. आम्ही दोघंही गेलो. राणीमाश्या तयार करायला शिकायचं होतं – एक दिवसाची अळी, डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी, सुईनं उचलून मेणाच्या वाटीत ठेवायची. अशा वाट्यांच्या दोन पट्ट्या एका चौकटीत बसवल्या : वरची तात्यांची, खालची माझी. चौकट बिनराणीच्या पेटीत सोडली. अळी नीट उतरली असेल तर माश्या ती वाटी वाढवतात. नाहीतर साफ करून टाकतात. ज्याची पट्टी भरेल, त्याला पुढच्या तुकडीला शिकवायला बोलावणार होते.

तात्यांची सुई सायकलच्या तारेची, स्वतः घासून केलेली. माझी विकतची.

दुसऱ्या दिवशी सगळे नाश्त्याला गेले आणि मी पेटी उघडली. वरच्या पट्टीतल्या जवळजवळ सगळ्या वाट्या माश्यांनी वाढवायला घेतल्या होत्या. खालच्या पट्टीत – दोन. मग मी काय केलं? पट्ट्या काढल्या. वरची खाली बसवली, खालची वर. एवढंच. तीन माश्या चावल्या. पुस्तकातल्या नव्हे.

नाश्त्यानंतर सगळ्यांसमोर चौकट निघाली. तात्यांनी चष्मा पुसून वरची पट्टी दोनदा पाहिली. "हात गेला माझा," म्हणाले. मग माझ्याकडे वळून मोठ्यानं – "बघा, पुस्तकवाली जिकली!" माझं सुजलेलं बोट दिसल्यावर त्यांनीच नखानं तिन्ही काटे काढले. हात जराही थरथरला नाही.

एसटी स्टँडवर त्यांनी सुई माझ्या तळहातावर ठेवली. "मला न्हाय आता लागायची." मी घेतली.

त्यानंतर त्यांनी एकही राणी तयार केली नाही. नुसतं साखरेचं पाणी करून पेट्यांत ठेवायचे – आणि तेही मला दाखवून. "बघ गं, बरुबर हाय का?" ज्यांनी मला पेटी उघडायला शिकवलं, ते. मी बोट बुडवून चव घ्यायचे आणि मान डोलवायचे.

सांगायला वर्षं होती. भीतीनं गप्प बसले? नाही. मला ती जागा हवी होती, आणि मिळाल्यावर ती आवडली. आज माझी पट्टी खरोखर भरते – म्हणून ती सकाळ खरी होत नाही. क्षमा करू शकणारा माणूस गेला. तुमच्याकडून मला ती नको.

सोमवारी बारामतीला नवी तुकडी आहे. मी जाणार. शिकवणार, याच सुईनं. आणि तेराव्याला पाहुण्यांनी पुन्हा तेच काढलं, तर चहाचा ट्रे खाली ठेवून सांगणार – तात्यांचा हात गेला नव्हता. पट्ट्या मी बदलल्या.