वेल्श म्हणजे परका

अक्रोडाच्या हिरव्या सालीचा कडवट वास आला की मला करोनाच्या काळातलं, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचं आमचं घर आठवतं. शेजारी एक वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सचे, आजोबा राहायचे. एकदा मी त्यांना इंग्रज म्हटलं, तेव्हा कुंपणापलीकडे अक्रोड सोलता सोलता त्यांनी समजावलं, की ते इंग्रज नाहीत, आणि 'वेल्श' हे नावही त्यांच्या लोकांचं नाही. ते इंग्रज-डचांच्या पूर्वजांनी, जर्मानिक टोळ्यांनी ठेवलेलं, अर्थ 'परका'. अक्रोडाला डचमध्ये 'वालनोट' म्हणतात, त्यातला 'वाल'ही तोच. त्यांच्या लोकांनी स्वतःला दिलेलं नाव वेगळंच, त्याचा अर्थ 'एका मुलखातले'. ते नाव मास्कमधून नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी कागदावर रोमन लिपीत लिहून दिलं. डचच्या ऑनलाइन वर्गात हेच सांगायचं म्हणून मी चार दिवस पाठ केलं. बाईंनी 'वालनोट'वरच अडवलं, उच्चार पाचदा घोटून घेतला आणि वेळ संपली म्हणून दुसऱ्याला बोलायला सांगितलं. मी लॅपटॉप आपटून मिटला, बाहेर आले आणि तोडक्यामोडक्या डचमध्ये आजोबांपुढे भडाभडा बोलले, "पुण्यात मी दिवसभर मीटिंगा चालवायचे, इथे मला एक वाक्य पूर्ण करू देत नाहीत." ते म्हणाले, "मला सांग. मला घाई नाही." मी चुकत, चिडत सगळं सांगितलं. कागदावरचं नाव मी 'सिम्री' असं वाचलं. त्यांनी फक्त मान डोलावली. त्याचा खरा उच्चार 'कम्री' आहे हे मला मागच्या वर्षी कळलं. तोवर आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती.